संदेष्ट्याची पारख

यिर्मयाच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय बीड जिल्ह्यात वाचायला कुणाच्या टीपेची गरज पडत नाही. घरधनी नोकरांना पाण्याला धाडतात, ते हौदावरून रिकामी भांडी घेऊन परततात. पावसावाचून जमिनीला भेगा पडल्या आहेत आणि शेतकरी डोकं झाकून, खालमानेनं उभे आहेत. रानातली हरिणी नुकतंच जन्मलेलं पाडस टाकून निघून जाते, कारण हिरवं पातंच उरलेलं नाही. १९७२ पाहिलेल्यांना आणि २०१६च्या उन्हाळ्यात टँकरपुढे घागरी मांडलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. पण त्या अध्यायाचा खरा विषय दुष्काळ नाहीच. मध्यावर पोचल्यावर यिर्मया देवाकडे एक वेगळंच गाऱ्हाणं मांडतो: दुसरे संदेष्टे लोकांना सांगताहेत की तलवार येणार नाही, उपासमार होणार नाही, सगळं सुरळीत होईल. आणि तेही देवाचंच नाव घेऊन सांगताहेत. म्हणजे एकाच गावात, एकाच कोरड्या हौदाकाठी दोन माणसं उभी आहेत. दोघांच्या तोंडी एकच वाक्य आहे, 'परमेश्वर असं म्हणतो'. पुढचं मात्र नेमकं उलट. ऐकणाऱ्यानं कुणाचं ऐकायचं?

या प्रश्नाचं झटपट उत्तर आपल्याकडे तयार असतं: ज्याचं खरं ठरेल तो खरा. भविष्य सांगणाऱ्याला आपण याच मापानं मोजत आलो आहोत. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि पाऊसपाण्याचं भाकीत दुसऱ्या दिवशी राज्यभरच्या वर्तमानपत्रांत छापून येतं. पट्टणकोडोलीच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला लाखांनी माणूस लोटतो. वर्षअखेरीस मग कुणी म्हणतो बरोबर आलं, कुणी म्हणतो चुकलं. ख्रिस्ती मंडळ्यांतही हा सोस कमी नाही. नव्या वर्षाच्या रात्रीच्या उपासनेत येत्या वर्षाविषयी 'वचन' मिळावं अशी अपेक्षा असते आणि कुणाच्या नोकरीचं, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या आजाराचं भाकीत करणाऱ्या प्रचारकाच्या सभेला गर्दी जमते. माझं म्हणणं असं की ख्रिस्ती धर्मग्रंथ या मापाला फारशी किंमत देत नाही. संदेष्ट्याचा अधिकार त्यात भाकिताच्या अचूकपणावर उभा नाही. तो तपासणीला सामोरं जाण्याच्या तयारीवर उभा आहे, आणि ही तपासणी करण्याचं ओझं ऐकणाऱ्यांच्या खांद्यावर आहे. जो संदेष्टा आपल्याला तपासू देत नाही, त्यानं सांगितलेलं उद्या तंतोतंत घडलं तरी त्याचा अधिकार सिद्ध होत नाही.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात एक नियम आहे खरा. संदेष्टा देवाच्या नावानं बोलला आणि ते घडलं नाही, तर तो शब्द देवाचा नव्हता, त्याला भिऊ नका. नियम सरळ आहे, पण वापरायला जावं तर हाती काही लागत नाही. निकाल लागतो तो घटना घडून गेल्यावर, आणि निर्णय घ्यायचा असतो आज. याची फजिती यिर्मयाच्याच अठ्ठाविसाव्या अध्यायात दिसते. बाबेलच्या राजाला मान तुकवा, हे दाखवायला यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरतो आहे. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर म्हणतो की दोन वर्षांच्या आत बाबेलचं जू मोडेल, लुटून नेलेली मंदिरातली पात्रं परत येतील. यिर्मया काय म्हणतो? आमेन म्हणतो. तसं झालं तर बरंच होईल, म्हणतो. मग एक आडवा मुद्दा टाकतो: आपल्या आधीच्या संदेष्ट्यांनी युद्ध, अरिष्ट आणि रोगराई यांविषयी सांगितलं; जो शांतीचं सांगतो, त्याचं मात्र घडून आल्यावरच खरं मानायचं. पुराव्याचा भार गोड बोलणाऱ्यावर. हनन्या चिडून त्याच्या मानेवरचं जू काढतो आणि मोडून टाकतो. यावर यिर्मया उत्तर देत नाही, निमूट निघून जातो. त्या क्षणी त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नसतं. लोखंडी जुवाचा शब्द त्याला नंतर मिळतो. बायबलमधला सर्वांत भरवशाचा संदेष्टा भर सभेत निरुत्तर होऊन घरी जातो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला तिथल्या तिथे देवाचं उत्तर तयार असतं तो या प्रसंगात हनन्या आहे.

त्याच अनुवादाच्या तेराव्या अध्यायात आणखी एक नियम आहे, आणि तो लोक सहसा उद्धृत करत नाहीत. संदेष्ट्यानं चिन्ह सांगितलं आणि ते घडलंही, पण तो तुम्हाला दुसऱ्या देवांमागे नेऊ लागला तर त्याचं ऐकू नका. भाकीत खरं ठरलं तरी! म्हणजे भाकीत फसलं तर माणूस बाद, पण खरं ठरलं म्हणून पास मात्र नाही. दोन्ही नियम शेजारी ठेवले की अचूकपणा हा संदेष्टेपणाचा पुरावा म्हणून उरतच नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासात याचं एक जिवंत उदाहरण आहे, आणि योगायोगानं तिथेही मुदत दोन वर्षांचीच आहे. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं चालले होते. डब्यात एक अनोळखी युरोपीय गृहस्थ भेटले. कवितेवर, धर्मावर बोलणं झालं. उतरताना त्यांनी टिळकांना नवा करार दिला, वाचण्याचं वचन घेतलं आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते गृहस्थ कोण, हे पुढे कधीच कळलं नाही. प्रचारपत्रिकेला याहून चांगला मजकूर कुठे मिळणार? पण टिळक त्या भाकितामुळे वळले का? त्यांना खिळवून ठेवलं ते मत्तयच्या पुस्तकातल्या डोंगरावरच्या प्रवचनानं. भाकीत करणाऱ्यानं पुस्तकही हातात दिलं होतं आणि वाचण्याची अटही घातली होती, त्यामुळे भाकीत खरं ठरलं की भाकितानंच घडवून आणलं, हे वेगळं काढताच येत नाही. आणि ज्या प्रवचनानं टिळक जिंकले गेले त्याच्याच शेवटच्या भागात येशू सांगतो की खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा, त्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा. त्यांनी काय भाकीत केलं आणि ते घडलं का, हे पाहा असं तो म्हणत नाही. उलट पुढच्याच ओळींत, तुझ्या नावानं आम्ही संदेश दिले, असं म्हणणाऱ्या कित्येकांना तो ओळख दाखवायचं नाकारतो.

आता जरा अडचणीच्या जागी जाऊ. बायबलमध्ये न घडलेली भाकितं आहेत आणि ती लपवलेली नाहीत. योना निनवेला सांगतो, चाळीस दिवसांत नगर पालथं होईल. होत नाही, कारण लोक पश्चात्ताप करतात. आणि संदेष्टा रुसून बसतो. मीखानं सांगितलं होतं की सियोन शेतासारखं नांगरलं जाईल. शंभरएक वर्षांनी यिर्मयावर देहान्ताचा खटला चालतो तेव्हा गावचे वडीलधारे उठून हाच दाखला देतात: मीखा असं बोलला होता, हिज्कीया राजानं त्याला मारलं नाही, तो देवाला भ्याला आणि अरिष्ट टळलं. न घडलेलं भाकीत इथे एका संदेष्ट्याचा जीव वाचवायला साक्षीला उभं राहतं. हुल्दा ही स्त्री संदेष्टी योशीया राजाला सांगते की तू शांतीनं पूर्वजांना मिळशील. योशीया मगिद्दोला मिसरच्या फौजेसमोर मारला जातो. नव्या करारात अगब सांगतो की यहुदी लोक पौलाला बांधून परकीयांच्या हाती देतील. प्रत्यक्षात चिडलेला जमाव पौलाला मारत असतो, रोमी सरदार त्याला त्यांच्या हातून सोडवतो आणि साखळ्या घालतो तोही रोमीच. पण सर्वांत बोलकं उदाहरण यहेज्केलचं. सव्विसाव्या अध्यायात तो सांगतो की नबुखद्नेस्सर सोर हे बंदराचं नगर फोडून लुटेल. एकोणतिसाव्या अध्यायात, वर्षांचा हिशेब देऊन, तोच संदेष्टा नोंदवतो की बाबेलच्या फौजेनं सोरविरुद्ध इतके कष्ट उपसले की प्रत्येक डोकं टकलं झालं, प्रत्येक खांदा सोलवटला, आणि मजुरी म्हणून हाती काहीच लागलं नाही; म्हणून आता त्यांना मिसर देतो. दोन्ही अध्याय एकाच पुस्तकात आहेत. पहिला काढून टाकायला किंवा सावरून घ्यायला कुणी हात धरला होता? पुढे इ.स.पू. ३३२ मध्ये शिकंदरानं सोर घेतलं, म्हणून भाकीत शेवटी खरंच ठरलं, असं काही भाविक सांगतात. ही सारवासारव पुस्तकाला नको आहे. पुस्तकानं शिकंदराची वाट पाहिली नाही, हिशेब तिथल्या तिथे दिला.

यावर चिकित्सक माणूस लगेच विचारील, आणि त्यानं विचारलंच पाहिजे: मग हे सगळं सोयीचंच नाही का? घडलं तर देवाचा शब्द, न घडलं तर लोकांनी पश्चात्ताप केला. नाणं कसंही पडलं तरी डाव तुमचाच. हा आक्षेप खोडता येत नाही आणि खोडायची गरजही नाही. बाहेरच्या माणसासमोर ख्रिस्ती धर्माचा पुरावा म्हणून भाकितं मांडणं मला मुळातच चुकीचं वाटतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ही चूक मोठ्या उत्साहानं झाली. १८३१ मध्ये मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद झाला, १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी भिडले. त्या काळच्या मिशनऱ्यांच्या युक्तिवादात चमत्कार आणि पूर्ण झालेली भाकितं ही हुकमी पानं मानली जात. समोरच्या शास्त्र्यांजवळही तसली पानं कमी नव्हती, त्यामुळे त्या वादातून कुणी हललं नाही. आज तर कुणीही मत्तय उघडून विचारू शकतो की मिसरातून पुत्राला बोलावल्याचं होशेयचं वाक्य भविष्याबद्दल आहेच कुठे? ते मागे वळून इस्राएलच्या सुटकेबद्दल बोललेलं आहे. इम्मानुएलचा शब्द इ.स.पू. आठव्या शतकातल्या आहाज राजाला, त्याच्या दारात आलेल्या संकटाबद्दल दिलेला आहे. मत्तयला हे ठाऊक नव्हतं असं समजणं म्हणजे त्याला खुळा ठरवणं. तो जुन्या शब्दांना येशूच्या आयुष्याच्या उजेडात नव्यानं वाचतो आहे, गणिताचं उत्तर ताडून पाहत नाही. हे वाचन श्रद्धेच्या आत अर्थपूर्ण आहे. श्रद्धेबाहेरच्या माणसाला ते मान्य करायला लावणारा पुरावा नाही. एवढं मोकळेपणी म्हटलं की चिकित्सकाचा आक्षेप आपल्या जागी बरोबर राहतो आणि तरीही संदेष्ट्याचं काय करायचं हा प्रश्न शिल्लक राहतो, कारण समाजाच्या आत माणसं बोलतच राहतात.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकाचा. यिर्मया खरा आणि हनन्या खोटा हे आपल्याला कळतं कारण यिर्मयाच्या बाजूच्यांनी पुस्तक लिहिलं. जेत्यांचा इतिहास. इथे मात्र जेते कोण होते ते नीट पाहावं. जिवंतपणी जिंकला होता हनन्या. मंदिर, याजक, जमाव सगळे त्याच्या बाजूला. यिर्मयाची गुंडाळी यहोयाकीम राजानं शेगडीसमोर बसून, चाकूनं तीन-चार रकाने कापत कापत जाळली. पुढे यरुशलेम पडलं आणि ज्यांनी यिर्मयाचे शब्द जपले ती बाबेलला नेलेली, सर्वस्व गमावलेली माणसं होती. आपल्या बापजाद्यांना दोषी ठरवणारा मजकूर त्यांनी जपला आणि त्यांना धीर देणारा हनन्या टाकून दिला. पराभूत समाज सहसा उलटं करतो.

मग आजच्या आज, निकाल लागायच्या आधी, पाहायचं काय? ग्रंथ एक गोष्ट वारंवार दाखवतो: बोलणाऱ्याचं पोट कुणावर अवलंबून आहे. मीखाचा शेरा तर झोंबणारा आहे. दातांखाली चावायला काही आलं की हे शांती म्हणतात, तोंडात कुणी काही घातलं नाही की त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारतात. '१ राजे' या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात अहाब राजाच्या पदरी चारशे संदेष्टे आहेत आणि चारशेंचं एकमत आहे: स्वारीवर जा, जिंकशील. सिद्कीयानं तर लोखंडाची शिंगंच करून आणली आहेत. एकटा मीखाया उलटं सांगतो. त्याला राजा तुरुंगात टाकतो आणि मी सुखरूप परत येईपर्यंत थोडी भाकर, थोडं पाणी द्या म्हणतो. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. तिथल्या जैत्रपाळ राजाची आख्यायिका या संदर्भात आठवते. रिकिबीत पाय घालून घोड्यावर बसायला लागतो तेवढ्या वेळात ब्रह्म दाखवा, हा त्याचा हट्ट, आणि न दाखवणाऱ्या साधूंना वेठबिगारी. सत्ता परीक्षा घेते ती अशी: ताबडतोब, आपल्या सोयीची, आणि नापास होणाऱ्याला कोठडी. ग्रंथाला अभिप्रेत परीक्षा याच्या उलट बाजूनं होते. तिथे प्रश्न असा की राजाला नको असलेलं बोलून या माणसाचं काय नुकसान होतं आहे, आणि हवं ते बोलून त्या चारशेंचा काय फायदा होतो आहे.

सुरुवातीच्या मंडळ्यांनी हा निकष थेट व्यवहारात आणला. 'बारा प्रेषितांची शिकवण' या छोट्या जुन्या पुस्तकाची प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. फिरत्या संदेष्ट्यांविषयी त्यातले नियम वाचताना हसू येतं, इतके ते व्यवहारी आहेत. पाहुणा म्हणून एक दिवस राहावा, गरज असेल तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या भरात जेवणाचं पान मांडायला सांगितलं आणि स्वतःच त्यावर बसला, तरी खोटा. आणि जे शिकवतो ते स्वतः करत नाही, तोही. इतकं मोजमाप लावणाऱ्या लोकांच्या मनात संदेष्ट्यांविषयी आदर नव्हता असं नाही. तेच पुस्तक खऱ्या संदेष्ट्याला पहिल्या पिकाचा वाटा द्यायला सांगतं. आज पैसे घेऊन प्रार्थना करणाऱ्या, अभिषेकाचं तेल विकणाऱ्या, ऑनलाइन देणगीचा क्यूआर कोड दाखवून 'तुझ्यासाठी देवाचा शब्द आहे' म्हणणाऱ्या माणसाला हे नियम लावून पाहिले तर पहिल्याच पायरीवर निकाल लागेल. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा फसवणूक आणि शोषण यांना हात घालतो, आणि तो सगळ्या धर्मांना सारखा लागू आहे. पण पोलिसांत गुन्हा नोंदवण्याइतकं प्रकरण पोचण्याच्या खूप आधी मंडळीनं विचारायचे प्रश्न असतात, आणि ते विचारले जात नाहीत.

विचारले जात नाहीत याचं एक कारण म्हणजे संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा ही आपली समजूत. आमोस वाचला की ती डळमळते. हा तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची मशागत करणारा. मी संदेष्टाही नाही आणि संदेष्ट्याचा पोरही नाही, असं तो बेथेलच्या अमस्या याजकाला तोंडावर सांगतो. त्यानं बोट ठेवलं ते कशावर? सण कधी संपतो आणि दुकान कधी उघडतं अशी घाई झालेल्या व्यापाऱ्यांवर. माप लहान, वजन जड आणि तागडी खोटी करणाऱ्यांवर. जोड्याच्या एका जोडीसाठी गरीब विकत घेणाऱ्यांवर. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला इथे साखर कारखान्याचा वजनकाटा आठवला नाही तरच नवल. उसाच्या काटामारीची तक्रार शेतकरी वर्षानुवर्षं करतो, आणि तोडणीची मजुरीही टनावरच असल्यानं काट्यावर गेलेला प्रत्येक किलो तोडणाऱ्या जोडप्याच्याही पदरातून जातो. दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही, आजारपणानं एक दिवस चुकला की खाडा कापला जातो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांचं गर्भाशय काढलेलं असल्याचं पुढे आलं. आमोसची परंपरा खरी मानणाऱ्या माणसानं या जिल्ह्यात उभं राहून बोलायचं ठरवलं, तर पुढच्या वर्षी कुणाला नोकरी लागेल हा त्याचा विषय असेल का? हे संदेष्ट्याला सामाजिक कार्यकर्ता करून टाकणं झालं, देव कुठे राहिला, असा आक्षेप येतो. आमोसपुरता तरी तो टिकत नाही. त्याच्या लेखी खोटी तागडी हा थेट देवाशी केलेल्या कराराचा भंग आहे. त्यानं देवाचं नाव वगळून बोलायचं म्हटलं असतं तर अमस्यानं त्याला हाकललंही नसतं. राजाच्या देवळात हे बोलू नको, एवढंच तर त्याचं म्हणणं होतं.

आता भाविकाचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. देवाचा शब्द तपासणारे आपण कोण? तपासणी म्हणजे अविश्वासच नव्हे का? पंडिता रमाबाईंनी या प्रश्नाशी आयुष्यभर झुंज घेतली. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा झाल्यावर दोन वर्षांच्या आत त्यांचा तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रव्यवहारात खटका उडाला. मुद्दा होता अधिकाराचा. इथल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवल्यावर दुसऱ्या पुरोहितांचं जू, तेही देवाच्या नावानं, मी घेणार नाही, माझी सद्सद्विवेकबुद्धी माझ्याजवळ आहे, असा त्यांचा सूर होता. ही पत्रं १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केली. ती वाचून कुणी म्हणेल की बाई बुद्धिवादी, त्यांना आत्म्याच्या गोष्टींचं काय. पण याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५च्या अखेरीस जे पुनरुज्जीवन उसळलं, त्यात मुली रडत, थरथरत, अन्य भाषांत बोलत होत्या. बाहेरच्यांनी उन्माद म्हणून नाकं मुरडली. रमाबाईंनी ते बंद पाडलं नाही आणि त्याला शिक्काही मारला नाही. १९०७ मध्ये त्यांनी आपली भूमिका लिहिली: पवित्र आत्म्याची एकमेव आवश्यक खूण म्हणजे प्रीती; पण आरोग्य देणं, अन्य भाषा, संदेश सांगणं ही दानं टाकून द्यायची नाहीत. पौलानं थेस्सलनीकाकरांना सांगितलेल्या दोन गोष्टीच त्यांनी पाळल्या: संदेशांना तुच्छ लेखू नका, आणि सगळ्याची पारख करा. या दोन वाक्यांमधलं एकच उचलणारे दोन्ही बाजूंना भरपूर आहेत. रमाबाईंनी दोन्ही उचलली, आणि त्या गदारोळातही मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवण्याचं काम सोडलं नाही. भाविकाला उत्तर हे की तपासायचा असतो तो माणसाचा दावा. देवाच्या शब्दाला तपासणीचं भय असतं तर पौलानं दोघा-तिघा संदेष्ट्यांनी बोलावं आणि इतरांनी निर्णय करावा, असं करिंथच्या मंडळीला लिहिलं नसतं.

तपासणीला नकार दिल्यावर काय होतं याचा दाखला दुसऱ्या शतकातच मिळतो. फ्रुगियात माँतानस आणि त्याच्याबरोबरच्या दोन संदेष्टी प्रिस्किल्ला आणि माक्सिमिल्ला यांनी आत्म्याचा नवा उद्रेक झाल्याचं सांगितलं. माझ्यानंतर संदेष्टा नाही, थेट शेवटच, असं माक्सिमिल्ला म्हणाली. तिला जाऊन तेरा वर्षं झाली तरी युद्ध नाही की काही नाही, अशी एका विरोधकाची नोंद युसेबियसनं जपून ठेवली आहे. चर्चनं मात्र त्यातून जरा जास्तच धडा घेतला आणि संदेष्टेपणाच बिशपांच्या कुलपात ठेवला. कॅथलिक चर्चनं १९६५च्या 'देई व्हेर्बुम'मध्ये सांगितलं की ख्रिस्तानंतर नवं सार्वजनिक प्रकटीकरण अपेक्षित नाही. भूमिका समजण्यासारखी आहे. पण उद्या आमोस आला तर त्यानं कुठे जायचं, हे त्या कुलपातून कळत नाही. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवलं, तेव्हा त्यांच्याकडे कुणाचं अधिकारपत्र होतं? दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. १९१९ मध्ये ते गेले. त्यांची भजनं मात्र जालन्यापासून अहिल्यानगरपर्यंत आजही रविवारी गायली जातात. फळांवरून ओळखायचं तर फळ कुठलं धरायचं, हेही दर वेळी सोपं नसतं.

आणि एक कथा सगळे निकष मोडते, ती टाळून पुढे जाणं बरं नव्हे. '१ राजे'च्या तेराव्या अध्यायात यहूदाहून आलेला देवाचा माणूस यराबाम राजाचं ताट नाकारतो, कारण इथे अन्नपाणी घेऊ नको असा त्याला आदेश आहे. वाटेत एक म्हातारा संदेष्टा भेटतो. देवदूतानं सांगितलंय, घरी चल, जेव, म्हणतो. ते साफ खोटं असतं. पाहुणा विश्वास ठेवतो, जेवतो, आणि परतताना सिंह त्याला मारतो. खोटं बोलणारा म्हातारा सुखरूप राहून त्याला पुरतो, त्याच्यासाठी रडतोही. पैशाचा लोभ नाही, राजाची चाकरी नाही, कुठलीच खूण दिसत नाही. मला या कथेचं समाधानकारक स्पष्टीकरण कुणी दिलेलं पटलेलं नाही. एवढंच दिसतं की जे स्वतःला नेमकं समजलं होतं ते दुसऱ्याच्या 'देव म्हणाला'खातर सोडणं त्या माणसाला भोवलं. प्रार्थनासभेत कुणी तुमच्या औषधोपचाराबद्दल, तुमच्या लेकीच्या लग्नाबद्दल देवाचा निरोप आणला तर ही कथा आठवायला हरकत नाही.

शेवटी एक आक्षेप असा आहे जो मोठ्यानं कुणी बोलत नाही. मराठवाड्यातले ख्रिस्ती संख्येनं मूठभर. बाहेरून धर्मांतराचे आरोप, प्रार्थनासभांवर नजर. अशा वेळी आपल्यातल्या भोंदूंविषयी आपणच बोलायचं म्हणजे दुसऱ्याच्या हाती काठी देणं नाही का? भीती खरी आहे. पण यिर्मया याहून वाईट वेळी बोलला. यरुशलेमला बाबेलचा वेढा होता, आणि त्याच्यावर आरोप होता तो नेमका हाच: हा लढणाऱ्यांचे हात ढिले करतो, शत्रूला सामील आहे. त्याला चिखलाच्या हौदात टाकलं ते त्याच्याच लोकांनी. बाहेर काढला तो एबद-मेलेख या कूशी परदेशी माणसानं, बगलेखाली जुन्या चिंध्या घालून, दोर कापू नये म्हणून. वेढा पडलेला असताना घरातलं खोटं बोलू नये हा युक्तिवाद ग्रंथानं ऐकून घेतला आहे आणि फेटाळलेला आहे.

राहिला प्रश्न पारख करणाऱ्या 'इतरां'चा. पौलाच्या त्या पत्रात हा शब्द मोकळा ठेवलेला आहे; वडीलधारे, शिकलेले, पुरुष अशी अट त्याला नाही. थोडं पुढे त्याच अध्यायात बायकांनी गप्प राहावं असंही वाक्य आहे, आणि तीन अध्याय आधी बायका संदेश सांगत आहेत हे गृहीत धरून डोक्यावरच्या पदराचा नियम आहे. या विसंगतीवर पंडितांचे ढीगभर खुलासे आहेत. पण योशीयाच्या काळी मंदिरात सापडलेलं नियमशास्त्राचं पुस्तक खरं की खोटं, हे ठरवायला महायाजकासकट दरबारचं शिष्टमंडळ हुल्दाच्या दारी गेलं होतं, यिर्मयाच्या नव्हे. पाच-पंचवीस कुटुंबांच्या खेड्यातल्या मंडळीत निम्मी घरं सहा महिने तोडीवर असतात. पाहुणा संदेष्टा येतो तेव्हा माघारी उरलेल्या म्हाताऱ्या, मुली आणि दोन-चार शेतमजूर एवढेच 'इतर' उरतात. त्याच्या निरोपावर त्यांनी तिथल्या तिथे, त्याच्या देखत, प्रश्न विचारायची सोय उपासनेत असली पाहिजे, आणि त्यांची उत्तरं देण्याआधी देणगीचं ताट फिरता कामा नये.